विमान वर गेलं, पण वळलं का?

(हा पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर आहे. बोलताना जशी भाषा होती, ती बरीचशी तशीच ठेवली आहे.)

 

आजच्या भागाचं श्रेय माझ्या मामाला. आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाने परवा एक फॉरवर्ड टाकला. तुमच्याही ग्रुपवर कधी ना कधी आलाच असेल. १८९५ साली मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे या मराठी माणसाने विमान उडवलं, ते पंधराशे फूट वर गेलं आणि खाली आलं. म्हणजे राईट बंधूंच्या आठ वर्षं आधी! खाली मामाची पुरवणी, "अगं, तू इतिहासाचं पॉडकास्ट करतेस ना? मग यावर कर की एखादा भाग."

खरं सांगते, पहिल्यांदा मी टाळलं. कारण "खोटं आहे" असं लिहिलं तर मामा दुखावणार, आणि "वा वा" लिहिलं तर मी खोटारडी ठरणार. पण मग विचार केला, की हा प्रश्न नीट सोडवायचा तर आधी विमान म्हणजे काय हे बघायला हवं. म्हणजे त्याचे भाग कोणते, ते काय करतात आणि कुठला भाग कुणाला, कधी आणि काय किंमत मोजून सुचला. तर आज तेच करू. तळपदेंकडे शेवटी येऊ, पळून जाणार नाही.

पंख: हवा खाली ढकलायची

लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून ओरडा खाल्लाय? मी खाल्लाय. पण त्या ओरड्याआधीच्या दोन सेकंदांत विमानाचा पंख कळतो. तळवा जमिनीला समांतर असला तर हवा नुसती घासून जाते. पुढची कड जरा वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. हात हवेला खाली वळवतो, हवा हाताला वर ढकलते. पंखही तेच करतो. त्याचा आकार आणि त्याचा कल यांमुळे हवा खाली वळते, पंखावरचा दाब कमी होतो, खालचा जास्त राहतो, आणि विमान उचललं जातं.

शाळेत आपल्याला सांगतात, की पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता असतो, म्हणून खालच्या हवेबरोबर पोचायला ती जोरात पळते. हे चूक आहे बरं का. दोन्ही हवा एकाच वेळी पोचायला कुठलंही बंधन नसतं. वरची हवा प्रत्यक्षात खालच्या हवेच्या आधीच पुढे निघून जाते.

पंख स्थिर ठेवायचा आणि पुढे ढकलण्याचं काम वेगळ्या यंत्राला द्यायचं, ही कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केली यांची. त्याआधी बहुतेकांच्या डोक्यात पक्ष्यासारखे फडफडणारे पंख होते. केलींनी १७९९ मध्ये चांदीच्या एका छोट्या चकतीवर स्थिर पंख आणि मागे शेपटी असलेलं विमान कोरलं, आणि दुसऱ्या बाजूला पंखावर कोणते जोर पडतात त्याची आकृती काढली. आज आपण ज्याला विमान म्हणतो त्याचा आराखडा तिथे सुरू होतो.

पण पंखाला एक मर्यादा आहे. त्याची पुढची कड फारच वर केली, साधारण पंधरा अंशांच्या पुढे, की वरच्या बाजूची हवा पंखाला धरून वाहत नाही. ती सुटते. उचल एकदम घसरते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही, पंखच काम सोडून देतो.

जर्मनीचे ऑटो लिलिएनथाल यांनी इंजिन नसलेल्या ग्लायडरमधून सुमारे दोन हजार वेळा टेकडीवरून उड्डाण केलं. ते ग्लायडरला लोंबकळत आणि स्वतःचं शरीर इकडेतिकडे झुलवून तोल सांभाळत. ९ ऑगस्ट १८९६ ला त्यांचं ग्लायडर स्टॉल झालं. पंधरा मीटरच्या आसपास उंचीवरून ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. पंख उत्तम होते. पण वारा बिनसला तेव्हा नुसतं अंग झुलवून सावरणं पुरलं नाही.

ही बातमी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावात सायकली बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दोन भावांनी वाचली.

सायकलवाल्यांनी विचारलेला वेगळा प्रश्न

विल्बर आणि ऑर्व्हिल राईट. कॉलेजची पदवी दोघांकडेही नव्हती. पण सायकलवाले असल्यामुळे त्यांना एक गोष्ट अंगात मुरलेली होती. सायकल स्वतःहून उभी राहत नाही. चालवणारा तिला क्षणोक्षणी सावरतो, आणि वळताना तिला कलवतो. घाटात बाईक चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तेव्हाचे बरेच संशोधक विमानाकडे बोटीसारखं बघत होते. सरळ ठेवायचं, आणि सुकाणूने वळवायचं. राईट बंधू म्हणाले, नाही, हे सायकलसारखं आहे. वळायचं तर एका अंगाला झुकावं लागेल.

झुकायचं कसं? विल्बरने पक्षी बघितले होते. तोल सांभाळताना ते पंखांची टोकं पिळतात. मुंबईत गच्चीवर बसून घारी बघितल्या असतील तर तुम्हालाही दिसलं असेल. १८९९ मध्ये दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता विल्बरच्या हातात सायकलच्या ट्यूबचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका होता. बोलण्याच्या नादात त्याने तो पिळला. एका टोकाची कड वर, दुसऱ्या टोकाची खाली. झालं! दोन पंख एकावर एक लावले आणि दोऱ्यांनी असेच पिळले तर एका बाजूला उचल वाढेल, दुसऱ्या बाजूला कमी होईल आणि विमान कलेल. त्याच उन्हाळ्यात त्याने पाच फुटांचा पतंग बनवून हे करून बघितलं. चाललं.

आजच्या विमानात पंख पिळत नाहीत. पंखांच्या मागच्या कडेला, टोकाजवळ, बिजागरीवर हलणाऱ्या छोट्या फळ्या असतात. त्यांना एलेरॉन म्हणतात. हा फ्रेंच शब्द, अर्थ छोटा पंख. उजवीकडची फळी वर गेली की डावीकडची खाली येते. उजवा पंख खाली जातो, डावा वर येतो, विमान उजवीकडे झुकतं. आणि पंखाची उचल आता सरळ वर न राहता थोडी उजवीकडे ओढते, म्हणून विमान वळतं. विमान मुख्यतः पंखांनी वळतं, शेपटीने नाही. हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः पुन्हा एकदा वाचून खात्री केली होती.

शेपटी: सगळ्यात कमी लक्ष वेधणारा, सगळ्यात अवघड भाग

शेपटीत दोन गोष्टी. एक आडवी फळी, तिच्या मागच्या हलत्या भागाला एलिव्हेटर म्हणतात. बिल्डिंगमधली लिफ्ट नव्हे! ती वर वळवली की हवा शेपटीला खाली दाबते आणि नाक वर येतं. दुसरी उभी फळी, तिचा हलता भाग म्हणजे रडर. तो नाक डावीकडे-उजवीकडे करतो.

मग रडर कशाला हवा, पंख वळवतात ना? हाच प्रश्न राईट बंधूंना जवळपास बुडवणार होता.

१९०० आणि १९०१ मध्ये त्यांनी किटी हॉक नावाच्या वाळूच्या किनाऱ्याजवळ ग्लायडर उडवले. १९०१ चा ग्लायडर हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल देत होता. विल्बर इतका निराश झाला, की आणखी पन्नास वर्षं तरी माणूस उडणार नाही असं तो भावाला म्हणाला. पुढे त्याने स्वतःच हे जाहीरपणे कबूल केलं.

पण घरी आल्यावर त्यांनी वेगळंच काम काढलं. सहा फुटांचा लाकडी खोका, एका टोकाला पंखा, म्हणजे वाऱ्याचा बोगदा. मोजमापाचा तराजू सायकलच्या स्पोक आणि करवतीच्या पात्यांचे तुकडे वापरून बनवला. त्यात जवळपास दोनशे छोटे पंख तपासले. कळलं असं, की वापरात असलेला हवेच्या दाबाचा जुना आकडाच चुकीचा आहे, आणि लांब पण अरुंद पंख जास्त चांगले. आजच्या विमानाचे पंख लांबट का, त्याचं एक उत्तर त्या खोक्यात आहे.

१९०२ चा नवा ग्लायडर सुंदर तरंगला. पण कधीकधी वळताना घसरून वाळूत घुसायचा. मागे उभ्या फळ्या होत्या, त्या पक्क्या बसवलेल्या. मग लक्षात आलं, की ज्या पंखाची उचल वाढते त्याला हवेचा अडथळाही जास्त होतो. तो पंख मागे खेचला जातो आणि नाक उलट्या दिशेला वळतं. ऑर्व्हिलने सुचवलं, मागची फळी हलती करू. विल्बरने भर घातली, ती पंखांच्या दोरीलाच जोडू, म्हणजे पंख पिळला की रडर आपोआप वळेल.

मंडळी, माझ्या मते विमान त्या दिवशी जन्मलं. इंजिन नव्हतं, गाजावाजा नव्हता. पण नाक वर-खाली, नाक डावी-उजवीकडे आणि पंखांचा कल, या तिन्ही गोष्टी पहिल्यांदा माणसाच्या हातात आल्या. आज तुमच्या विमानाच्या कॉकपिटमध्येही मुळात याच तीन गोष्टी आहेत.

इंजिन, प्रोपेलर आणि बारा सेकंद

आता ताकद. त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत बारा हॉर्सपॉवरचं इंजिन बनवलं. आजच्या सव्वाशे सीसीच्या बाईकचं इंजिन साधारण तेवढंच. प्रोपेलरसाठी त्यांनी जहाजांची माहिती शोधली, पण कामाचं काही मिळालं नाही. मग त्यांनीच ओळखलं, की प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंख. पंखाचा हिशेब आपल्याकडे आहेच! त्या हिशेबावर त्यांनी दोन प्रोपेलर कोरले, आणि सायकलसारख्या साखळ्यांनी ते उलट दिशांना फिरवले. आजच्या जेट इंजिनाच्या तोंडाशी दिसणारा मोठा पंखाही त्याच घराण्यातला. पुढे ढकलणारा बहुतेक जोर तोच देतो.

१७ डिसेंबर १९०३. समोरून ताशी चाळीसेक किलोमीटर वेगाचा गार वारा. विमानाला चाकं नव्हती, लाकडी रुळावरून ते सरकत गेलं. ऑर्व्हिल पोटावर झोपलेला. बारा सेकंद, एकशे वीस फूट. म्हणजे साधारण सदतीस मीटर. आपण मुंबई-नागपूर ज्या एअरबस ए-३२० मधून जातो, तिच्या पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर छत्तीस मीटरच्या आसपास आहे! त्या दिवशीचं चौथं उड्डाण विल्बरचं, एकोणसाठ सेकंद, आठशे बावन्न फूट.

पण ते तिथे थांबले नाहीत, आणि हेच महत्त्वाचं. सप्टेंबर १९०४ मध्ये त्यांनी हवेत पूर्ण गोल फेरी मारली. ५ ऑक्टोबर १९०५ ला एकाच उड्डाणात एकोणचाळीस मिनिटं, चोवीस मैल. वर गेलं, वळलं, पुन्हा वळलं, उतरलं.

आणि किंमत संपली नव्हती. १७ सप्टेंबर १९०८ ला अमेरिकन सैन्यासमोर प्रात्यक्षिक करताना एक प्रोपेलर तडकला आणि रडर धरून ठेवणारी तार तुटली. नियंत्रण गेलं. ऑर्व्हिल जबर जखमी झाला, आणि सोबत बसलेला लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज मरण पावला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात गेलेला तो पहिला माणूस. एक तार, आणि एक जीव.

धड: खिडकीचे कोपरे गोल का?

धडाबद्दल थोडक्यात. प्रवासी, सामान आणि पंख-शेपटी यांना जोडणारी ही नळी. उंचावर हवा विरळ, म्हणून आत दाब भरावा लागतो. प्रत्येक उड्डाणात ही नळी फुगते आणि पुन्हा आकसते. ब्रिटनचं कॉमेट हे पहिलं प्रवासी जेट विमान. १९५४ मध्ये जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली, छप्पन्न माणसं गेली. तपासासाठी एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून, पुन्हा पुन्हा दाब देऊन फुटेपर्यंत तपासलं. धातू थकला होता, आणि जिथे जिथे पत्रा कापला होता तिथल्या कोपऱ्यांपाशी ताण एकवटत होता. तुमच्या खिडकीचा गोलवा हा त्या शिकवणीचा भाग आहे.

आता चौपाटीकडे

तर मामाचा फॉरवर्ड. शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईत होऊन गेलेले खरे गृहस्थ, जुन्या संस्कृत ग्रंथांतल्या विमानविद्येचा ध्यास घेतलेले. त्यांच्यावर २०१५ मध्ये 'हवाईजादा' नावाचा हिंदी सिनेमाही आला. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आणि ही गोष्ट पुन्हा सगळीकडे फिरली.

पण १८९५ च्या त्या उड्डाणाचा त्या काळातला एकही ठोस पुरावा आजवर समोर आलेला नाही. फोटो नाही, आराखडा नाही, मोजमापं नाहीत. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार दिला जातो, तो १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहवून घेतलेला आहे. म्हणजे १८९५ च्या बराच नंतर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तो तपासला. ग्रंथ प्राचीन नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष.

समजा, क्षणभर सगळं खरं मानलं. विनामाणसाचं यंत्र वर गेलं आणि खाली आलं. तरी? अमेरिकेचे सॅम्युअल लँगले यांचं वाफेच्या इंजिनाचं विनामाणसाचं विमान ६ मे १८९६ ला नदीवर जवळजवळ एक किलोमीटर उडालं. साक्षीदार होते टेलिफोनवाले ग्रॅहम बेल, आणि त्यांनी फोटोही काढला. मग सरकारने पन्नास हजार डॉलर दिले. लँगलेंनी बावन्न हॉर्सपॉवरचं इंजिन लावून मोठं विमान बनवलं, त्यात माणूस बसवला, आणि १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये व डिसेंबरमध्ये ते दोन्ही वेळा थेट नदीत पडलं. राईट बंधूंपेक्षा चौपट ताकद. त्यांच्या उड्डाणाच्या अवघे नऊ दिवस आधी!

लँगलेंकडे फोटो, साक्षीदार, पैसा, सगळं होतं. तरी पहिलं विमान त्यांच्या नावावर नाही, कारण वर जाणं हा प्रश्नाचा सोपा अर्धा भाग होता.

मला तळपदेंची थट्टा करायची नाही. गुलामीत जगणाऱ्या देशात, हाताशी प्रयोगशाळा नसताना एक माणूस आकाशाकडे बघत होता, याचं मला कौतुकच आहे. पण त्याने न केलेल्या गोष्टीचा मुकुट त्याला घातला, की त्याने खरोखर काय केलं हे शोधायची कुणाला गरजच वाटत नाही. आणि आपण पुरावा मागायची सवय गमावतो. हे नुकसान मोठं आहे.

म्हणून कुठल्याही 'पहिल्या विमानाच्या' दाव्याला चार प्रश्न विचारा. वर गेलं का? वळलं का? सुखरूप उतरून पुन्हा उडालं का? आणि कुणी लिहून ठेवलं का?

मामाला मी हेच चार प्रश्न पाठवले. तासाभराने उत्तर आलं, "शेवटचा प्रश्न अवघड आहे." मी लिहिलं, "हो मामा, राईट बंधूंनाही तो अवघडच होता. म्हणून ते वह्या भरून ठेवायचे."

पुढच्या वेळी विमानात खिडकीची जागा मिळाली, आणि ती पंखाच्या मागे असली, तर मोबाइल जरा बाजूला ठेवा. उड्डाणाआधी पंखाची मागची कड खाली सरकेल, ते फ्लॅप, कमी वेगात जास्त उचल मिळावी म्हणून. वळताना टोकाजवळची फळी हलेल, तो एलेरॉन. चाकं टेकताच पंखावरच्या फळ्या ताडकन उभ्या राहतील, ते स्पॉयलर. ते उचल मोडतात, म्हणजे सगळं वजन चाकांवर येतं आणि ब्रेक लागतात. आणि विमान वळायला झुकलं, की सायकलच्या ट्यूबचा तो पुठ्ठ्याचा खोका आठवा.

तुमच्या ग्रुपवर असा एखादा फॉरवर्ड फिरत असेल तर मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!